कोचमनची उंच जागा

घोडागाडीत मालक खाली बसतो आणि नोकर वर. व्हिक्टोरिया या गाडीत तर हे उघड दिसतं: दोघांसाठी मऊ, ठेंगणी बैठक, मागे दुमडणारं छप्पर, चढायला पायदान आणि पुढे उंचावर एकटा कोचमन.

तरी त्याचं काम हलकंच मानलं गेलं. इंग्लंडमधल्या छांदिष्ट श्रीमंतांना मात्र त्याच जागेची हौस आली. 1808 साली लंडनमध्ये ‘फोर-हॉर्स क्लब’ निघाला. सभासद स्वतःच चार घोडी हाकत. चारही लगाम डाव्या हातात: पुढच्या जोडीतल्या डाव्या घोड्याचा तर्जनीवरून, त्याच्या जोडीदाराचा आणि मागच्या डाव्याचा तर्जनी-मधल्या बोटाच्या फटीतून, उरलेला मधल्या बोटाखालून. उजवा हात चाबकाला मोकळा. कसब खरंच होतं. पण एका बहाद्दराने कोचमनसारखी पिचकारी मारता यावी म्हणून पुढचे दात कानसून घेतल्याचं सांगतात! कोचमनचा पगार मात्र यांच्यापैकी कुणालाच नको होता.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनाही गाडी हाकायचा नाद होता. त्यांची खडखडा ही गाडी प्रसिद्धच आहे. पण त्यांनी या जागेचा वेगळाच उपयोग केला. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्यांनी माहूत आणि कोचमन म्हणून नेमलं. राजाची गाडी हाकणाऱ्याला वाट देताना कोण सोवळं सांभाळणार? पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला. सुधारणेवरच्या शंभर भाषणांपेक्षा तो चहा मला मोठा वाटतो.

हीच उंच जागा मिरवणारी मुंबईची व्हिक्टोरिया 1972च्या ‘व्हिक्टोरिया नं. 203’ चित्रपटामुळे देशभर पोचली. त्यात सायरा बानो पुरुषी वेशात ती हाकते. पुढे व्हिक्टोरियाचं काम उरलं ते मरीन ड्राइव्ह, गेटवेच्या सहलींपुरतं. जून 2015मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या सहली बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल आणि तबेल्यांची अवकळा पाहता निकाल रास्तच होता. न्यायालयाने कोचमन आणि मालकांच्या पुनर्वसनाची योजनाही मागितली होती. सरकारकडून फेरीवाल्याच्या परवान्याचा पर्याय पुढे आला. उंचावरून शहर पाहणाऱ्याला पदपथावर बसायला सांगणं झालं हे. मार्च 2021मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. तोबरा भरायचं काम गेलं, चार्जर लावायचं आलं.