दिव्याची तिसरी तार

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनाऱ्यावर, नारळी-पोफळीच्या वाड्यांत, जांभ्या दगडाची जुनी कौलारू घरे अद्याप उभी आहेत. एके काळी त्यांच्या पडवीत कंदील टांगलेला असे व देवघरात समई तेवत असे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात खेडोपाडी वीज पोहोचू लागली. तुळयांवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेण्यात आल्या. पडवीत लोखंडी दिवे आणि माजघरात पितळी दिवे लागले. परंतु त्या काळच्या अनेक घरांत दिव्यापर्यंत दोनच तारा नेलेल्या असत. तिसरी तार नसे. ही उणीव डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे माणसाच्या प्राणावर बेतू शकते.

दिवा लागण्यास दोन तारा पुरतात. विद्युतभारित तार वीज आणते आणि तटस्थ तार तिचा परतीचा मार्ग होते. तिसरी ती भूसंपर्क तार. तिचे एक टोक दिव्याच्या धातूच्या आवरणाला जोडलेले असते आणि दुसरे टोक जमिनीत खोल पुरलेल्या धातूच्या नळीला किंवा पत्र्याला. दिवा निर्दोष असेपर्यंत या तारेतून प्रवाह वाहत नाही. ती पहाऱ्यावरील शिपायासारखी स्वस्थ उभी असते. म्हणूनच ती नसली, तरी दिवा उत्तम प्रकाश देतो आणि सारे काही ठीक आहे असा घरच्यांचा समज होतो.

कालांतराने तारेवरचे रबरी वेष्टन उष्णतेने कडक होऊन तडकते. उघडी पडलेली विद्युतभारित तार आवरणाला टेकली, की दिव्याचे सारे धातूचे अंग विद्युतभारित होते. दिवा मात्र पूर्वीसारखाच जळत राहतो. अशा वेळी ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कोणी त्याला हात लावला, तर प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो.

मग वितळतार, म्हणजेच फ्यूज, का वितळत नाही? याचे उत्तर साध्या गणितात आहे. घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. ओल्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. दिव्यांची वितळतार सामान्यतः ५ अँपिअरची असते. तिला हा प्रवाह अगदीच क्षुल्लक. माणसाच्या हृदयाची लय बिघडण्यास मात्र याहूनही कमी प्रवाह पुरेसा होऊ शकतो. वितळतार तारांना तापून पेट घेऊ देत नाही; माणसाला वाचवण्यासाठी तिला भूसंपर्क तारेची साथ लागते. ही तार जोडलेली असेल, तर दोष उत्पन्न होताच प्रवाहाला जमिनीकडे जाणारा अल्प रोधाचा मार्ग मिळतो, मोठा प्रवाह वाहतो, वितळतार वितळते आणि दिवा विझतो. तो विझलेला दिवाच घरच्यांना धोक्याची सूचना देतो.

समुद्रकाठी हा धोका वाढतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण दिव्यांवर बसतात, पावसाळ्यात ओलावा शोषतात आणि त्या खारट ओलीतून वीज गळू लागते. लोखंड गंजते, जोड सैल होतात. नवल असे, की पेण-उरणच्या मिठागरांत पिकणारे हेच मीठ भूसंपर्काच्या खड्ड्यात उपकारक ठरते. तेथे ते कोळशाबरोबर घालतात. त्यामुळे माती ओलसर राहून तिचा रोध घटतो. उन्हाळ्यात जमीन सुकते, तेव्हा या खड्ड्यात पाणी घालावे लागते. मिठाने पुरलेली नळीही गंजते. म्हणून तिची वेळोवेळी तपासणी करावी.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. कौले उडाली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. छप्पर उडालेल्या घरात पावसाचे पाणी तारांत व दिव्यांत शिरते. अशा घरात वीज परत येण्यापूर्वी मुख्य खटका बंद ठेवून सर्व जोडणी तपासून घेणे अगत्याचे असते.

जुन्या दिव्यांवर उपाय आहेत. परवानाधारक तारतंत्र्याकडून तिसरी तार ओढून घ्यावी. ते शक्य नसल्यास धातूचा दिवा काढून दुहेरी निरोधनाचा दिवा लावावा. चौकोनात चौकोन ही त्याची खूण. शिवाय ३० मिलिअँपिअरइतकी गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारा स्वयंचलित खटका बसवावा. तटस्थ तार दिव्याच्या आवरणाला जोडण्याची पळवाट मात्र कधीही काढू नये. ती तार वाटेत तुटली, तर आवरणच विद्युतभारित होते.

मुलांनी दिवा स्वतः उघडू नये. हाताला झिणझिण्या आल्या, तर ती गंमत न मानता तत्काळ वडीलधाऱ्यांना सांगावे. कोणाला विजेचा धक्का बसला, तर त्याला स्पर्श न करता प्रथम मुख्य खटका बंद करावा. आजोबांच्या वेळचा पितळी दिवा घराचे भूषण आहे. तो अवश्य जपावा. परंतु त्याच्या प्रकाशात वावरणारी माणसे त्याहून मोलाची आहेत. दिवा नुसता लागतो की नाही एवढेच न पाहता, त्याला तिसरी तार आहे की नाही, हेही प्रत्येक घराने पाहिले पाहिजे.