पडदा केवढा घ्यावा? रास्पबेरी पायच्या वर्षांचा मागोवा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा स्पेक्ट्रम संगणक बाजारात होता, तेव्हा पडद्याचा प्रश्नच नव्हता. घरातला टीव्ही जोडायचा आणि २५६ बाय १९२ ठिपक्यांत भागवायचे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आलेला रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणकही पडद्याविनाच आला. पण आता निवड आपल्यावर होती. आम्ही गोंदियाकर पडदे मागवतो ते बहुधा ऑनलाइन, फोटो पाहून. फोटोत साडेतीन इंच आणि सात इंच सारखेच दिसतात.

सुरुवातीला पसंती साडेतीन इंचाला. स्वस्त, शिवाय थेट बोर्डाच्या पिनांवर बसणारा. पण रिझोल्यूशन ४८० बाय ३२०. सेटिंगची चौकट उघडली की ‘ओके’चे बटण पडद्याच्या खाली जाते आणि आल्ट दाबून चौकट वर ओढत बसावे लागते. पहिल्या २६ पिना झाकल्या जातात ते वेगळेच. मग सेन्सर जोडायचा कुठे?

आणि सेन्सर तर आपल्याकडे हवाच. खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो, त्यामुळे कोठीतली हवा किती दमट आहे हे दाखवणारे यंत्र करावे असे इथल्या छंदिष्टाला वाटतेच. त्याला सोळा अक्षरी, दोन ओळींचा एलसीडी पुरेल असे वाटते. आकड्यांना तो पुरतोही, पण जवळ उभे राहिलात तर. अक्षराची उंची जेमतेम अर्धा सेंटिमीटर, दारातून काही वाचता येत नाही. मराठीचे तर हालच. एका घरात ५ बाय ८ ठिपके आणि स्वतः घडवता येतील अशी चिन्हे फक्त आठ. त्यात ‘आर्द्रता’ कशी लिहिणार? वर शिरोरेषा, रफार आणि मात्रा, खाली उकार. देवनागरीला रोमनपेक्षा जास्त उंची लागते, हे पडदे विकणारा कुणी सांगत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये पायचा अधिकृत सात इंची टचस्क्रीन आला, ८०० बाय ४८०. मराठी मजकूर त्यावर प्रथमच आरामात वाचता आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली ती ७२० बाय १२८० ची. इंच तेवढेच, जोडाक्षरे मात्र स्वच्छ. म्हणून माझे ठाम मत: आधी वाचणारा किती लांब उभा राहणार ते ठरवा, मग ठिपके पाहा, इंच शेवटी.

ऑर्डर देण्यापूर्वी सात इंची पडद्याएवढा, म्हणजे साडेपंधरा बाय साडेआठ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापा, त्यावर हव्या त्या आकारात मराठी ओळ लिहा आणि यंत्र जिथे बसणार तिथे टांगून लांबून वाचून बघा.