एका सुगीची शॅम्पेन : दोम पेरिन्योंची चव आणि संग्रह

शॅम्पेन हे नाव फेसाळणाऱ्या प्रत्येक वाइनला लावता येत नाही. पॅरिसच्या पूर्वेस, रँस आणि एपर्ने या दोन शहरांच्या आसपास सुमारे ३४,००० हेक्टरांवर पसरलेल्या मळ्यांतली द्राक्षे घ्यायची, ती हातानेच तोडायची आणि त्यांच्या वाइनला बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचे, अशी या नावाची अट आहे. १९३६ मध्ये फ्रेंच सरकारने तिला कायद्याचे रूप दिले. हा प्रदेश ४९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. द्राक्ष जेमतेम पिकेल एवढीच तिथली ऊब. वसंतातले दव गोठले, उन्हाळा पावसात गेला किंवा तोडणीच्या तोंडावर बुरशी धरली, की त्या सालची वाइन पातळ आणि आंबट होते. म्हणून तिथल्या पेढ्या आधीच्या वर्षांच्या वाइन राखून ठेवतात आणि त्यांच्या मिश्रणातून दरवर्षी सारख्या चवीची शॅम्पेन तयार करतात. बाजारातील बहुतेक बाटल्यांवर वर्ष नसते, ते यामुळे.

व्हिंटेज शॅम्पेन या रिवाजाला अपवाद आहे. तिच्यात लेबलावर छापलेल्या एकाच सुगीची द्राक्षे असतात. बिनवर्षी शॅम्पेन बाटलीत भरल्यावर किमान १५ महिन्यांनी विकता येते. व्हिंटेजला किमान तीन वर्षे थांबावे लागते. नामवंत पेढ्या याहून कितीतरी अधिक थांबतात. लुई रोदेरेर या पेढीने १८७६ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी केलेली क्रिस्ताल, ल मेनिल या एकाच गावच्या शार्डोने द्राक्षांची सालों, १.८४ हेक्टरांच्या कुंपणबंद मळ्यातली क्रुग पेढीची क्लो द्यू मेनिल ही या वर्गातली मानाची नावे. संग्राहकांच्या चर्चेत मात्र सर्वाधिक येणारे नाव दोम पेरिन्यों हेच. एकच वाइन वेगवेगळ्या वयांत बाजारात आणण्याची तिची पद्धत पाहिली, की व्हिंटेज शॅम्पेनचे सगळे शास्त्र उलगडते.

साधू, दंतकथा आणि पेढी

पिएर पेरिन्यों (१६३८–१७१५) हा बेनेडिक्टाइन पंथाचा साधू १६६८ पासून मृत्यूपर्यंत ओव्हिलेर येथील मठाचा कोठारप्रमुख होता. शॅम्पेनचा शोध त्याने लावला, ही गोष्ट खरी नाही. त्या काळी वाइनमध्ये आपोआप उठणारे बुडबुडे हा दोष समजला जाई. वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षे विचारपूर्वक एकत्र करणे आणि काळ्या द्राक्षांतून हलक्या दाबाने फिकट रस काढणे, ही त्याची खरी कामगिरी. त्याच्या मृत्यूनंतर शतकभराने, १८२१ मध्ये, त्याच मठातल्या ग्रोसार नावाच्या साधूने लिहिलेल्या पत्रामुळे त्याच्या नावाला संशोधकाचे वलय मिळाले.

दोम पेरिन्यों हे व्यापारी नाव मेर्सिए पेढीकडे होते. १९२७ मध्ये मेर्सिए आणि शांदों या घराण्यांत सोयरीक झाली, तेव्हा ते १७४३ मध्ये स्थापन झालेल्या मोएत ए शांदों पेढीकडे आले. १९३० च्या दशकातील मंदीत पेढीची सूत्रे रोबेर-झां द व्होग्यूए यांच्या हाती होती. सर्वांत उंची शॅम्पेन जुन्या घाटाच्या बाटलीत, वेगळ्या नावाने आणण्याची कल्पना त्यांनी उचलली. १९३५ मध्ये लंडनच्या वितरकाच्या शताब्दीसाठी अशा ३०० बाटल्या गेल्या. त्यांत १९२६ ची मोएत होती. पुढच्याच वर्षी १९२१ च्या सुगीची शॅम्पेन दोम पेरिन्यों या नावाने न्यूयॉर्कला पोहोचली. सुरुवातीची ही वाइन मोएतच्या नेहमीच्या व्हिंटेज बाटल्यांतून ओतून घेतलेली असे; १९४७ च्या सुगीपासून ती स्वतःच्या बाटलीतच आंबू लागली.

मळा ते तळघर

दोम पेरिन्योंमध्ये पिनो न्वार ही काळी आणि शार्डोने ही पांढरी अशी दोनच द्राक्षे असतात. प्रमाण साधारण निम्मे-निम्मे, पण सुगीनुसार कधी एकीचा, कधी दुसरीचा वाटा वाढतो. मळ्यांचा गाभा आई, बूझी, व्हेर्झने, मायी, शुयी, क्रामां, आव्हीझ आणि ल मेनिल ही आठ अव्वल दर्जाची गावे. शिवाय मठाची आठवण म्हणून ओव्हिलेर. या गावांखालची खडूची जमीन पावसाचे पाणी शोषून ठेवते आणि कोरड्या दिवसांत मुळांना पुरवते. त्याच खडूत खोदलेली तळघरे वर्षभर १० ते १२ अंश सेल्सिअसवर राहतात.

शॅम्पेनच्या नियमानुसार ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेता येतो. त्यातला आधी निघणारा २,०५० लिटर रस सर्वांत स्वच्छ समजला जातो. पहिली आंबवण टाक्यांत होते. वसंतात मुख्य वाइनकार वेगवेगळ्या गावांच्या वाइन चाखून मिश्रण ठरवतो आणि सुगी दोम पेरिन्योंच्या नावाला साजेशी आहे का, याचाही निवाडा करतो. पसंत पडलेल्या मिश्रणात लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटल्या बंद केल्या जातात. यीस्ट साखर खाते. निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू न शकल्याने वाइनमध्ये विरघळतो आणि बाटलीतला दाब हवेच्या सुमारे सहापट होतो.

यानंतर यीस्ट मरून तळाशी बसते. या गाळातच व्हिंटेज शॅम्पेनची खरी घडण होते. मृत पेशी हळूहळू विघटित होतात, त्यांतली प्रथिने व अमिनो आम्ले वाइनमध्ये उतरतात. फेस मऊ होतो आणि भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येऊ लागतो. शिवाय गाळ ऑक्सिजन शोषून घेत असल्याने वाइन तरुण राहते. पुढे बाटल्या टप्प्याटप्प्याने फिरवत उलट्या करून गाळ तोंडाशी आणला जातो, तोंडाचा भाग गोठवला जातो आणि झाकण काढताच आतल्या दाबाने गाळाचा गोळा उडून जातो. रिकाम्या जागेत वाइन आणि थोडी साखर भरून बूच बसते. दोम पेरिन्योंमध्ये अलीकडे ही साखर लिटरला सुमारे ५ ग्रॅम असते. ‘ब्रूत’ या शब्दाला १२ ग्रॅमांच्या आतपर्यंत मुभा आहे.

गाळ काढण्याचा दिवस निर्णायक असतो. तिथून वाइनचे दुसरे आयुष्य सुरू होते: बुचातून शिरणारा अत्यल्प ऑक्सिजन तिला मध, सुकामेवा, कॉफी यांच्या वासाकडे नेतो. १९९० ते २०१८ या काळात मुख्य वाइनकार असलेले रिशार झोफ्र्वा यांनी यावर दोम पेरिन्योंची विक्रीपद्धतच उभारली. वाइन गाळावर सरळ रेषेत पिकत नाही, ठरावीक टप्प्यांवर तिला बहर येतो, असे त्यांचे म्हणणे. पहिली खेप सुमारे आठ-नऊ वर्षांनी निघते. काही बाटल्या बुचाखाली गाळावरच ठेवून पंधरा वर्षांहून अधिक काळाने ‘पी-२’ आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी ‘पी-३’ म्हणून येतात. २००० पासून अशा खेपांना ‘एनोतेक’ म्हणत. १९९८ च्या सुगीची दुसरी खेप २०१४ मध्ये आली, तेव्हा ‘पी-२’ हे नाव रूढ झाले. म्हणजे १९९८ च्या दोन बाटल्यांत मूळ वाइन तीच असली, तरी चव एक नसते.

सुगीची वर्षे

प्रत्येक वर्षी दोम पेरिन्यों निघत नाही. २००१, २००७ आणि २०११ च्या सुग्या सोडून दिल्या गेल्या. याउलट २००२ ते २००६ ही पाच वर्षे ओळीने जाहीर झाली, जे आधी कधी घडले नव्हते.

वर्षांचे स्वभाव निरनिराळे आहेत. १९९० उबदार आणि भरघोस. १९९६ मध्ये साखर आणि आंबटपणा दोन्ही असाधारण चढले, त्यामुळे ती वाइन दीर्घकाळ ताठर राहिली. २००२ समतोल आणि भरदार म्हणून नावाजलेले. २००३ मध्ये एप्रिलच्या गारठ्याने कळ्या जळाल्या आणि नंतर युरोपभर पसरलेल्या उष्णतेच्या लाटेत तोडणी ऑगस्टमध्येच उरकावी लागली. अनेक पेढ्यांनी पाठ फिरवलेले हे वर्ष झोफ्र्वा यांनी मुद्दाम जाहीर केले. २००८ चा उन्हाळा मळभाचा होता, पण सप्टेंबरातल्या कोरड्या उन्हाने सुगी तारली. तिची धारदार वाइन अधिक काळ मुरावी म्हणून २००९ आधी विकायला आले आणि २००८ नंतर. २०१० मध्ये पिनो न्वारला बुरशी लागली, म्हणून कडक निवड करावी लागली. २०१९ पासून मुख्य वाइनकाराची जबाबदारी व्हँसां शापरों सांभाळत आहेत.

चव घेण्याची रीत

तरुण बाटली ८ ते १० अंशांवर आणि जुनी १० ते १२ अंशांवर द्यावी. बर्फासारखी गार केली, तर वासच दबतो. तार सोडताना अंगठा बुचावरच ठेवावा, बाटली तिरपी धरावी आणि बूच नव्हे, बाटली फिरवावी. बूच हलक्या सुस्काऱ्यासह निघाले पाहिजे. आवाज काढला, तर वायू आणि वाइन दोन्ही वाया जातात. उंच निमुळता पेला बुडबुडे छान दाखवतो, पण वासाला जागा देत नाही. पसरट पेल्यातून वायू लवकर उडतो. म्हणून पोट रुंद आणि तोंड आवळलेला पेला उत्तम. त्यात साबणाचा अंश राहिला, तर फेस मरतो. बुडबुडे उठतात ते पेल्याला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमधल्या हवेतून. पेला तिरपा धरून ओतल्यास वायू अधिक टिकतो, हे रँस विद्यापीठातील झेरार लिझे-बेलेर यांच्या गटाने २०१० मध्ये मोजून दाखवले.

चाखताना क्रम ठेवावा. आधी रंग: तरुणपणी फिकट, हिरवट झाक असलेला, वयानुसार सोनेरी. मग वास. दोम पेरिन्यों हवेपासून जपून केलेली असल्याने सुरुवातीला लिंबाच्या सालीबरोबर धूर आणि भाजक्या दाण्यांचा वास येतो; पेल्यात दहा-पंधरा मिनिटे गेली की पांढरी फळे, ब्रिऑश पाव पुढे येतो. पी-२ मध्ये कॉफी आणि मध, पी-३ मध्ये सुके अंजीर, अळंबी असे गडद वास सापडतात. शेवटी तोंडातली चव: आंबटपणा धारदार आहे की फळात मिसळला आहे, फेस टोचतो की मऊ आहे, घोट गिळल्यावर खारट-खडूची चव किती वेळ रेंगाळते. हे शेवटचे लक्षणच थोर व्हिंटेज ओळखण्याची खात्रीची खूण मानतात. जुन्या बाटलीत बुडबुडे कमी असणे हा दोष नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बूच बिघडल्याची खूण आहे.

संग्रह

दोम पेरिन्योंचे उत्पादन किती, हे पेढी सांगत नाही. पण जगभरच्या दुकानांत ती मिळते, यावरून ती मुळात विरळ नाही हे उघड आहे. तिची किंमत ठरते ती वय, साठवण आणि खेप यांवरून. खरोखर विरळ आहेत त्या सुरुवातीच्या बाटल्या. १९५९ च्या सुगीची पहिली गुलाबी दोम पेरिन्यों अवघ्या ३०६ बाटल्यांची होती आणि १९७१ मध्ये इराणच्या शहाने पर्सेपोलिस येथे भरवलेल्या सोहळ्यात ती दिली गेली. तिच्या दोन बाटल्या २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ८४,७०० डॉलरना गेल्या. अशा उड्या नेहमीच्या नव्हेत. २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत चढलेले उंची शॅम्पेनचे घाऊक भाव त्यानंतर घसरले, तेव्हा केवळ नफ्यासाठी साठवणाऱ्यांना फटका बसला.

विकत घेताना सुगीच्या वर्षाइतकेच गाळ काढल्याचे वर्ष महत्त्वाचे. अलीकडच्या बाटल्यांच्या मागच्या लेबलावर ते सापडते. शिवाय बाटली आजवर कुठे होती, वाइनची पातळी बुचाखाली किती उतरली आहे, बुचावरचे वेष्टन शाबूत आहे का, हे तपासावे. मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली, संग्राहकांना अधिक प्रिय असते. तिच्या मानेतली हवा साध्या बाटलीएवढीच, पण वाइन दुप्पट, म्हणून ती सावकाश पिकते.

साठवणीचे तीन शत्रू: ऊब, उजेड आणि तापमानाची चढउतार. उजेडाने काही तासांतही वाइनमध्ये गंधकयुक्त संयुगे तयार होऊन शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो, म्हणून पेटीतली बाटली पेटीतच ठेवावी. शांत, गार अंधार काय करू शकतो, याचा पुरावा बाल्टिक समुद्राने दिला. २०१० मध्ये आलँड बेटांजवळ बुडालेल्या जहाजातून १६८ बाटल्या निघाल्या. सुमारे १७० वर्षे पाण्याखाली राहूनही त्यांतल्या काही पिण्याजोग्या होत्या.

महाराष्ट्रात या छंदाच्या अडचणी वेगळ्या आहेत. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात खास वाइन-कपाटाशिवाय बाटली वर्षभरही सुरक्षित राहत नाही. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यावर मर्यादा येते. त्यामुळे मोठा संग्रह करू पाहणाऱ्याला लंडनसारख्या ठिकाणच्या करबंद गोदामाचा पर्याय उरतो. चव घडवण्यासाठी मात्र जवळची सोय आहे: मोएत हेनेसी समूहाने नाशिकजवळ दिंडोरीत उभारलेल्या शांदों वाइनरीत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन तयार होते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, पण गाळावर मुरण्याने चवीत काय फरक पडतो, हे तिच्यावरून शिकता येते.

केव्हा उघडायची, हा संग्रहातला शेवटचा निर्णय. पहिल्या खेपेची बाटली चांगल्या साठवणीत गाळ काढल्यापासून दहा-पंधरा वर्षे सहज वाढते. पी-२ आणि पी-३ मुरूनच बाहेर येतात आणि अनेक जाणकारांच्या मते बाहेर आल्यावर तुलनेने लवकर वयस्क होतात, म्हणून त्या फार काळ राखू नयेत. एकाच सुगीच्या तीन किंवा सहा बाटल्या घेऊन दर काही वर्षांनी एक उघडणे ही जुनी रीत इथे सर्वांत उपयोगी. त्याने बहर केव्हा येतो ते कळते आणि उरलेल्या बाटल्यांचा निर्णय अंदाजाऐवजी चवीवर घेता येतो.