तलवारीचे ‘पाणी’ कसे ओळखावे?

खंडेनवमीचा दिवस. परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावरची तलवार वर्षातून एकदा खाली उतरते. म्यानातून ती सहज निघत नाही. निघते तेव्हा पाते तांबूस-काळे पडलेले असते. मग कोणी राख आणि चिंच आणतो, कोणी पॉलिश कागद, तर एखादा उत्साही तरुण ती सरळ ग्राइंडरवर धरतो! तासाभरात पाते आरशासारखे चकाकू लागते. झेंडूची फुले वाहून पूजा होते आणि सगळे समाधानाने उठतात.

पण विद्यार्थी मित्रांनो, त्या तासाभरात काय पुसले गेले, हे ठाऊक आहे का? तलवार कोठली, किती जुनी, कोणत्या पोलादाची, हे सांगणारा पुरावा पात्याच्या पृष्ठभागावरच असतो. तो कसा वाचायचा, ते आज पाहू.

गोदाकाठचे पोलाद

आपल्या जिल्ह्याला लढाया नव्या नाहीत. एकट्या पाथरीसाठी १६ व्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकींशी झुंजल्या. पण ज्या पोलादाची जगभर कीर्ती होती, ते याच गोदावरीच्या खोऱ्यात होत असे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा असे तालुके ओलांडून गोदावरी नांदेडकडे जाते आणि पुढे तेलंगणात शिरते. तेथे नदीच्या उत्तरेस निर्मळ आणि दक्षिणेस निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम ही पोलादाची जुनी ठिकाणे आहेत. गोवळकोंड्याच्या राज्यातील पोलाद इराणकडे जाते, असे १७ व्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. हेन्री व्हॉयसी कोनसमुद्रमला गेले, तेव्हा पोलाद खरेदीसाठी थेट इस्फहानहून आलेला व्यापारी त्यांना तेथे भेटला! या पोलादालाच युरोपात ‘वूट्झ’ हे नाव पडले.

ते कसे करीत? लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत भरत. कार्बन मिळावा म्हणून त्यांत लाकूड किंवा पाला घालत. म्हैसूरकडे त्यासाठी आपल्या माळरानावर दिसणारा तरवड वापरीत. मुशीचे तोंड मातीने लिंपून ती भट्टीत ठेवत आणि भात्याने वारा घालत. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते; पण त्यात कार्बन मिसळला की ते कमी तापमानाला वितळते. मूस सावकाश निवू दिली की आत पोलादाची लहानशी वडी मिळे. तिच्यात सुमारे दीड टक्का कार्बन असे. आजच्या साध्या खिळ्यात तो पाव टक्काही नसतो.

पात्यावरच्या लाटा

एवढा कार्बन लोखंडात सामावत नाही. पोलाद निवताना काही कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचे अतिशय कठीण संयुग होते. वडी मध्यम आचेवर पुन:पुन्हा तापवून ठोकली की सिमेंटाइटचे कण पट्ट्यांत जमतात. आच फार वाढली तर ते विरघळतात आणि नक्षी नाहीशी होते. म्हणजे लोहाराच्या डोळ्याला रंगावरून तापमान कळावे लागे!

पाते घासून त्यावर सौम्य आम्ल लावले की भोवतालचे पोलाद काळवंडते. सिमेंटाइटवर आम्लाचा परिणाम कमी, म्हणून ते पांढुरके राहते. पात्यावर जणू पाण्याच्या लाटा उमटतात. यालाच ‘जौहर’ म्हणतात. 

या लाटांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण केले. त्याला वाटले, यात ॲल्युमिनियमचा अंश असावा. तो तर्क चुकला. उत्तर मिळायला २० वे शतक संपत यावे लागले. जॉन व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार या अमेरिकन जोडीने तशी पाती पुन्हा घडवून दाखविले, की खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश सिमेंटाइटला पट्ट्यांत जमवतो.

पारख कशी करावी?

प्रथम आकार पाहा. वक्र पाते आणि मुठीच्या वर वाटीसारखी चकती असेल, तर ती नेहमीची तलवार. सरळ, टोकाकडे रुंद होणारा तो खांडा. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ असेल तर तो पट्टा. सरळ पात्यावर लांब चर असतील, तर पाते युरोपातून आलेले असू शकते. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत.

पात्यावरच्या शिक्क्याला मात्र लगेच भुलू नका. दातेरी चंद्रकोरींचा युरोपीय शिक्का आपल्या लोहारांनीही सर्रास उठविला. चांगल्या मालाची नक्कल तेव्हाही होतच होती!

मग मुठीचा सांधा पाहा. जुन्या तलवारीत पात्याचे शेपूट मुठीत लाखेने किंवा राळेने बसविलेले असते. तेथे वेल्डिंगचा डाग दिसला, तर निदान ती जोडणी तरी अलीकडची आहे. मुठीवर सोन्याचांदीची कोफ्तगरी असेल तर भिंगातून पाहा. तार धरून राहावी म्हणून लोखंडावर आडव्यातिडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात. नुसत्या सोनेरी रंगाखाली त्या दिसत नाहीत.

शेवटी लाटा पाहा. खरा जौहर पोलादाच्या आतपर्यंत असतो. आम्लाने वरवर काढलेली नक्षी थोड्या घासण्याने जाते आणि परत आम्ल लावले तरी उमटत नाही.

असा फरक इतर देशांतही आढळतो. दक्षिण फिलिपीन्समधील मोरो लोकांच्या ‘क्रिस’ तलवारीचे पाते पुष्कळदा नागमोडी असते. जुन्या क्रिसमध्ये मुठीजवळचा भाग वेगळा घडवून बसवीत. उशिराच्या अनेक तलवारींवर त्या सांध्याची नुसती रेघ कोरलेली असते. पारखी माणूस तेथेही सांधाच आधी पाहतो.

हे करून पाहा

एक झिजलेली कानस आणि एक मोठा खिळा घ्या. दोन्हींचा थोडा भाग पॉलिश कागदाने घासून त्यावर लिंबाचा रस लावा. अर्ध्या तासाने धुऊन पाहा. कोणता भाग अधिक काळवंडला? का? पण हा प्रयोग घरच्या तलवारीवर कधीही करू नका!

तिच्यासाठी एवढेच करा : मोठ्यांच्या देखरेखीखाली मऊ फडक्याने धूळ पुसा, यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या आणि तलवार दमट म्यानात ठेवू नका. लाल, भुकटीसारखा गंज वाढत असेल, तर वस्तुसंग्रहालयातील जाणकाराचा सल्ला घ्या. काळसर, घट्ट बसलेला थर मात्र तसाच राहू द्या. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते. ती परवानगीशिवाय परदेशी पाठविता येत नाही. हैदराबादच्या सालारजंग किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात, तर शस्त्रांच्या दालनात थोडे रेंगाळा आणि पाती तिरप्या उजेडात पाहा.

गंज पुन्हा चढेल, तो पुसता येईल. पण ग्राइंडरने खरवडलेले शिक्के आणि अक्षरे पुन्हा उमटत नाहीत. येत्या खंडेनवमीला कोणी पॉलिश कागद हाती घेतला, तर त्याला थांबवा आणि आधी भिंग मागा.