मेळघाटातला मुक्काम : आधी घरचे गणित, मग जंगलाचे

अचलपूर, अंजनगाव, अकोट भागातल्या पुष्कळ घरांना गाविलगडचे डोंगर रोज दिसतात. पुण्या-नागपूरचे लोक शेकडो मैलांवरून येऊन तिथे राहून जातात. डोंगराच्या पायथ्याला ज्यांचा जन्म गेला, त्यांनी मात्र चिखलदरा फार तर एका दिवसाच्या सहलीत पाहिलेला असतो. रात्रीचा मुक्काम? "शेतकऱ्याला कुठली आली सुटी!" हे उत्तर ठरलेले.

शेतीच्या कामांचा कॅलेंडर नीट वाचला तर सुटी सापडते, असा माझा तीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे. आंबिया बहार धरणारे संत्राबागायतदार डिसेंबरात बागेला ताण देतात, म्हणजे त्या दिवसांत ओलिताची कटकटच नसते. गव्हाचे म्हणाल, तर पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हाचे पाणी चुकवून कुठेही जाऊ नये. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेल्या गव्हाला ते पाणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसते. मग पुढच्या पाण्यापर्यंत दोन-तीन आठवडे मोकळे. कपाशी असेल तर दोन वेचण्यांच्या मधले दिवस धरावेत. हे सगळे जुळवले तर डिसेंबरच्या मध्यावर दोन रात्रींची फट बहुतेक घरांना मिळते आणि मेळघाटही त्या वेळी हिरवा असतो.

खरी अडचण गोठ्याची. दुभत्या म्हशीला रजा कळत नाही. त्यावर आपल्याच गावातला उपाय आहे : सावड. पेरणीला, काढणीला आपण सावड करतो, तशी धारेचीही करावी. या आठवड्यात शेजाऱ्याने तुमची जनावरे सांभाळावीत, पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याची. मात्र अनोळखी हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून निघण्यापूर्वी चार-पाच दिवस शेजाऱ्याला, किंवा वहिनी धार काढत असतील तर त्यांना, सोबत बसवावे. वैरण मोजून वेगळी ठेवावी, ढेपेचे माप दाखवून द्यावे.

आता मुक्कामाचे. दोन जागा एकमेकींहून अगदी निराळ्या आहेत. चिखलदरा हे थंड हवेचे गाव, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. लॉज, जेवणाची सोय, दवाखाना, गाडीने जाता येतील असे पॉइंट. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असेल तर इथेच राहावे. गाविलगड किल्ला जवळच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने तो घेतला. डिसेंबरात गेलात तर मुलांना तटावर उभे करून हे सांगता येईल. कॉफीची झाडेही दाखवा, विदर्भात कॉफी पिकते हे मुलांना खरे वाटत नाही.

सेमाडोह आणि कोलकास या दुसऱ्या जागा खऱ्या जंगलातल्या, सिपना नदीच्या काठच्या. तिथे वनखात्याची विश्रामगृहे आणि पर्यटक निवास आहेत. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी सेमाडोहवरून जाते. नोंदणी आधी करावी लागते आणि ती इंटरनेटवर होते. घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलीकडे हे काम सोपवावे. सफारी कोणत्या दिवशी बंद असते, जेवण सांगून ठेवावे लागते काय, पांघरूण मिळते काय, हे फोन करून विचारून घ्यावे. मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रे सोबत असावीत. पावसाळ्यात आतल्या जंगलाची सफारी बंद असते, त्या दिवसांत चिखलदऱ्यावरच समाधान मानावे.

काही तरुण मंडळी तंबू घेऊन निघतात. व्याघ्र प्रकल्पात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, चूल पेटवता येत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्याचा हंगाम. गंजीला लागलेली आग ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला विडीच्या थोटकाबद्दल जास्त सांगायला नको. घरचा कुत्राही नेऊ नये, कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात.

एक गोष्ट घरधन्यांना स्पष्टच सांगतो. मुक्कामाच्या जागीही घरच्या बाईच्या हाती पोळपाट-लाटणे देणार असाल, तर तिच्या दृष्टीने ती सुटी कसली? पहिल्या दिवसापुरत्या भाकरी, ठेचा, तिळाची चटणी बांधून न्यावी. पुढे तिथे मिळेल ते ताटात वाढलेले खावे. वरण पातळ असेल, पण तिला बसल्या जागी मिळेल.

थंडी कडाक्याची असते. कानटोप्या, स्वेटर आणि माणशी एक जाड पांघरूण हवेच. बॅटरीशिवाय रात्री पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. मेळघाटात हिवतापाचा उपद्रव जुना आहे. मच्छरदाणी न्यावी आणि परतल्यावर पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरला "मेळघाटात राहून आलो" हे आवर्जून सांगावे. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून गोठा सांभाळणाऱ्याला मुक्कामाचे नाव आणि परतीचा दिवस लिहून द्यावा. घाटाचा रस्ता उजेडातच काढावा.

वाघ दिसेल या हट्टाने जाऊ नये. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. वाघ आहेतच, पण रान दाट आणि डोंगराळ. रानगवा, सांबर, अस्वल, रानकोंबडा यांपैकी काही दिसले तरी पुष्कळ झाले. रानपिंगळ्याची गोष्टही मुलांना सांगा. १८८४ नंतर हा पक्षी नाहीसा झाला असे जाणकार मानत होते. १९९७ मध्ये तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही आढळला.

गावोगावच्या बैठकांत मला एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, रानडुकरे आमचा हरभरा उकरतात आणि आम्हीच पैसे मोजून जंगल पाहायला जायचे?" राग रास्त आहे, रात्र-रात्र राखण करणाऱ्यालाच तो कळतो. पण चंद्रभागा आणि शहानूर याच डोंगरातून उतरून पूर्णेला मिळतात. शहानूरच्या धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे आपणच वापरतो. वर सागाचा आणि बांबूचा पालापाचोळा पाऊस धरून ठेवतो, म्हणून खाली विहिरींना झरे राहतात. मोर्शी-वरुडकडे बोअर किती खोल गेले ते आपण पाहतोच. जंगलात सकाळी फिरताना वाटेच्या कडेचा पाला हाताने बाजूला करून मुलांना खालची ओल दाखवावी. डिसेंबरातही ती बोटाला लागते. तशीच मूठभर माती घरी आल्यावर आपल्या धुऱ्यावरची घेऊन दाखवावी.

परतताना बाजारात कोरकू बायांकडून कुटकी घ्यावी. भाव पाडून मागू नये, डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत ती कष्टाने पिकते. भात करण्यापूर्वी तीन-चार पाण्यांतून रोळून घ्यावी, खडा बारीक असतो. पाणी तांदळाला लागते त्यापेक्षा थोडे जास्त ठेवावे आणि वर ताक घालून गरमच खावी.