बिल्ज पंप : होडीच्या तळातल्या पाण्याचा हिशेब

होडी कितीही चांगली बांधलेली असो, तिच्या तळात थोडेफार पाणी साचतेच. लाटेचे शिंतोडे, पाऊस, ओले दोर, कधी एखाद्या सांध्यातून झिरपलेले. तळातल्या या खोलगट जागेला नाविक ‘बिल्ज’ म्हणतात आणि तिथले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला बिल्ज पंप. पुढे खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये किंवा एझिमलाला होडीत बसण्याचे स्वप्न पाहणाऱ्या कॅडेटची या पंपाशी आत्ताच ओळख झालेली बरी.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेही एका जागी न बसणारे. होडी कलली की ते त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. त्यामुळे पाणी भरलेली छोटी होडी पुष्कळदा बुडण्याआधीच उलटते.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा जपून वाचावा. ‘५०० जीपीएच’ म्हणजे तासाला ५०० अमेरिकन गॅलन, सुमारे १,९०० लिटर. पण हा आकडा पाणी जराही उंच न चढवता मोजलेला असतो. होडीत पाणी वर चढते, पाइपच्या वळणांतून जाते, बॅटरीही थोडी उतरलेली असते. निम्मे पाणी पडले तरी समाधान मानावे. तासाला ९०० लिटर धरू, म्हणजे मिनिटाला १५.

आता उघड्या होडीचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर असेल आणि रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर आत ८०० लिटर पाणी जमेल. कोकणात जुलैमध्ये असा पाऊस नवलाचा नाही. आपला पंप ते तासाभरात काढेल. पण पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले तर? भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेले टॉरिसेलीचे सूत्र लावा. पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत शिरते. भोकाशी प्रवाह आकसतो हे धरूनही मिनिटाला ४० लिटरच्या वर. पंप हरला! म्हणून मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या आणि दोरीने बांधलेली बादली होडीत हवीच. आधी भोक बुजवायचे, मग उपसायचे.

बॅटरी नसलेल्या शिडाच्या होडीला हाताने चालवायचा डायफ्राम पंप उत्तम. त्याचा दांडा सुकाणूवर बसलेल्याच्या हाताशी येईल असा बसवावा. इंजिनाच्या सेफ्टी बोटीला १२ व्होल्टचा, पाण्यात बुडून चालणारा पंप लावतात. माझ्या मते पाच मीटरच्या बोटीला ५०० ऐवजी १,००० जीपीएचचा घ्यावा आणि जोडीला हातपंप ठेवावाच, कारण पाणी बॅटरीपर्यंत पोचले की विजेचा पंप संपला.

पाइप आतून गुळगुळीत हवा. नागमोडी वळ्यांच्या पाइपमध्ये प्रवाह मंदावतो. बाहेरचे तोंड होडी कलल्यावरही पाण्याच्या वर राहिले पाहिजे, नाहीतर पंप बंद झाल्यावर सायफनने बाहेरचे पाणी आत येऊ लागते. वायरचे जोड बिल्जच्या पाण्यापासून उंच ठेवावेत. फ्यूज उत्पादकाने सांगितला तेवढ्याच अँपिअरचा असावा. पंख्यात दोरा अडकून पंप ठप्प झाला की मोटर जास्त वीज ओढते. मोठा फ्यूज लावलेला असेल तर वायर पेटू शकते.

देखभाल म्हणाल तर पाच मिनिटांची. प्रत्येक फेरीआधी तळात बादलीभर पाणी ओतावे, फ्लोट स्विच हाताने उचलावा आणि पाणी बाहेर पडताना डोळ्यांनी पाहावे. मोटरचा आवाज आला एवढ्यावर विसंबू नये. पंपाच्या जाळीत हमखास सापडतात चॉकलेटचे कागद, सुतळीचे धागे, पाने. (कागद कोणाच्या खिशातले, हे कॅडेटना ठाऊक असते.) बॅटरीची वायर काढून मगच जाळी उघडावी आणि पंखा बोटाने फिरवून पाहावा. हातपंपाच्या रबरी झडपेत एक काडी अडकली तरी तो नुसती हवा मारत राहतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि गंजलेले क्लॅम्प बदलणे हेही आलेच. बिल्जमध्ये तेल दिसले तर आधी फडक्याने टिपून घ्यावे. ते जलाशयात सोडू नये. पेट्रोलचा वास आला तर कोणतेही बटण न दाबता आधी सगळ्यांना होडीतून उतरवावे.

फ्लोट स्विच सोयीचा खरा, पण तो गळती लपवतो. पंप आपला आपण चालत राहतो आणि पाणी वाढते आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पंप किती वेळा चालला याची नोंद होडीच्या वहीत ठेवावी. एरवी दिवसातून एकदा चालणारा पंप तासातून दोनदा चालू लागला, तर होडी बाहेर ओढून तळ तपासावा. सुरुवात तळाच्या बुचापासून करावी. ते सैल राहिलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त.