तिथी आकाशातली की ग्रंथातली?

धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा विषय निघाला की गॅलिलिओचे नाव हटकून पुढे येते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पंचांगशोधनावरून जो वाद पेटला, तो दोन्ही बाजू समजून घेण्यासाठी अधिक उपयोगी आहे, कारण येथे दोन्ही पक्षांना व्रतवैकल्ये हवी होती आणि दोन्ही पक्षांना गणित येत होते.

चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, आणि चंद्राची गती सदैव सारखी नसल्यामुळे तिथीचा अवधी कमीअधिक होत राहतो. साठ घटिकांच्या (घटिका म्हणजे 24 मिनिटे) मानाने तिथी फार तर 5 घटिकांनी वाढते आणि 6 घटिकांनी घटते, असा परंपरेचा दंडक होता. त्यालाच ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत, कारण संख्यासंकेतात बाण पाच आणि रस सहा. नव्या युरोपीय कोष्टकांवरून गणित केले असता मात्र ही वृद्धी सुमारे 7 घटिकांपर्यंत आणि क्षय सुमारे 10 घटिकांपर्यंत जातो, असे दिसून आले.

या तफावतीचे कारण सूर्याचे आकर्षण हे आहे. त्यामुळे चंद्राच्या गतीत जे जादा फेरफार होतात, ते जुन्या प्रचलित गणितात धरलेले नव्हते (दहाव्या शतकातील मुंजालाने असा एक संस्कार सांगितला होता, पण तो रूढ झाला नाही). गंमत अशी की अमावास्या-पौर्णिमेला ही उणीव फारशी जाणवत नाही आणि अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत मोठी असते. ग्रहण जवळपास ठरल्या वेळी लागलेले गावच्या जोशाला दिसत होते. अष्टमी संपल्याचे मात्र नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आपल्या गणितावरचा त्याचा विश्वास आंधळा होता, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

शास्त्रीमंडळींचा युक्तिवादही सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. ग्रहणासारखी दिसणारी घटना डोळ्यांच्या प्रत्ययाने ताडावी, हे त्यांना मान्य होते. पण एकादशीचे किंवा श्राद्धाचे फळ अदृष्ट असल्याने त्यासाठीची तिथी शास्त्रोक्त गणितानेच ठरावी आणि निर्णयसिंधु, धर्मसिंधु यांसारख्या ग्रंथांतील निर्णयही त्याच मानाला धरून लावावेत, असे ते म्हणत. 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करणारे केरो लक्ष्मण छत्रे आणि त्यांच्या मार्गाने जाणारे सुधारक यांच्या पक्षाला याचे उत्तर परंपरेतच सापडत होते. ज्या ‘ग्रहलाघवा’वर बहुतेक पंचांगे चालत, तो 1520 च्या सुमाराचा ग्रंथ नांदगावच्या गणेश दैवज्ञाने निरनिराळ्या सिद्धांतांतून आकाशाशी जुळणारे तेवढे निवडूनच रचला होता, आणि त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत असत. या मुद्द्यावर सुधारकांचे पारडे निःसंशय जड होते.

पुढच्या मुद्द्यावर मात्र त्यांच्यातच फूट पडली. वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेस येतो तो बिंदू, दर 72 वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. राशिचक्राचा आरंभ त्या बिंदूपासून मोजावा, असे विसाजी रघुनाथ लेले आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायनवादी म्हणत. ताऱ्यांपासून मोजणाऱ्या निरयनवाद्यांत छत्रे आणि लोकमान्य टिळक रेवतीच्या एका ताऱ्याला प्रमाण मानत, तर दुसरा पक्ष चित्रेला. या दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. तारा कोठे आहे हे दुर्बीण सांगते; आरंभ कोठे धरावा हे ती सांगत नाही, आणि येथे वेधवादीही प्रामाण्याचाच आधार शोधू लागले.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 च्या अहवालात यावर तोडगा काढला: नागरी वर्ष ऋतूंना बांधून सायन ठेवले, सणांसाठी मात्र वसंतसंपात आणि निरयन आरंभ यांतील अंतर 23 अंश 15 कला असे कायम धरले. 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तरी रेवतीचा तारा मानणाऱ्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत आजही 10 जानेवारीच्या सुमारास येते आणि अधिकमास निराळा पडला की ते मानणाऱ्या घरांतील दिवाळी इतरांपेक्षा महिनाभर अलीकडे-पलीकडे होते.